विश्लेषण : मुलचेऱ्याची बंगाली गावे, १९७१चे निर्वासित आणि गिटारवादक जॉर्ज हॅरिसन

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीकडून मुलचेऱ्याकडे निघाले की गावांच्या पाट्या बदलतात. सुंदरनगर, विवेकानंदपूर, खुदिरामपल्ली, देशबंधुग्राम. गोंडी, तेलुगू आणि झाडीबोलीच्या मुलखात ही नावे आली ती पूर्व बंगालमधून घरदार सोडून निघालेल्या माणसांबरोबर. या गावांच्या तळ्यांत मासे वाढवले जातात, नवरात्रात दुर्गापूजा होते आणि घरात अजूनही बंगाली बोलली जाते.

याच पूर्व बंगालसाठी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका इंग्रज गिटारवादकाने दोन मैफली केल्या. त्यांचे नाव जॉर्ज हॅरिसन, ‘बीटल्स’चे मुख्य गिटारवादक. निर्वासितांसाठी जगप्रसिद्ध रॉक कलाकारांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र येऊन निधी उभारण्याची ती पहिलीच वेळ. आज पूर, भूकंप किंवा युद्धानंतर होणाऱ्या मदत मैफलींची घडी तिथे बसली. पण जमलेल्या पैशांपैकी मोठी रक्कम जवळपास दहा वर्षे अडकून पडली. हे सगळे कसे घडले आणि त्यात मुंबईचा वाटा काय होता?

चांद्याच्या जंगलात बंगाली गावे कशी?

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यांचा ओघ एकदाच आला आणि थांबला असे झाले नाही. दंगली, जमिनी बळकावणे, दुष्काळ अशी कारणे घडत गेली तशा लाटा येत राहिल्या. १९६४च्या दंगलींनंतर मोठी लाट आली. पश्चिम बंगालमध्ये जागा उरली नव्हती. त्यामुळे रायपूरजवळच्या माना येथील छावणीत माणसे आणली जात आणि तिथून देशभरातील पुनर्वसन वसाहतींत पाठवली जात. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. तेव्हाच्या अखंड चांदा जिल्ह्यात साठ आणि सत्तरच्या दशकांत जंगल साफ करून ही गावे वसवण्यात आली.

या कहाणीला दुसरी बाजूही आहे. ज्या जमिनीवर ही गावे उभी राहिली ती रिकामी पडलेली नव्हती. गोंड आणि माडिया समाजाच्या वावरातील जंगलाचाच तो भाग होता. आणि ज्यांना ती मिळाली त्यांचेही सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. नमःशूद्र समाजाला पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे, महाराष्ट्रात नाही. ही मागणी इथे पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

१९७१ची लाट आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी होती. नोव्हेंबर १९७०मध्ये भोला चक्रीवादळाने किनारपट्टीवर लाखो बळी घेतले. डिसेंबरच्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला बहुमत मिळाले, पण सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. त्या वर्षअखेरीपर्यंत भारतात आलेल्यांची संख्या सुमारे १ कोटीवर गेली. सीमेवरच्या राज्यांना हा भार पेलेना म्हणून काहींना माना छावणीसारख्या आतल्या ठिकाणीही हलवले गेले. युद्ध संपल्यावर त्यातील बहुतेक लोक १९७२मध्ये परतले. म्हणजे मुलचेरा-चामोर्शीतील बहुसंख्य घरे त्याआधीच्या लाटेतील आहेत. पण सुटलेला मुलूख एकच.

हॅरिसन कोण होते?

२५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचा जन्म झाला. चार भावंडांत ते शेंडेफळ. वडील बसवर कंडक्टर, पुढे ड्रायव्हर. घर एवढेसे आणि शौचालय अंगणात. शाळेच्या वहीत हा मुलगा गिटारची चित्रे काढत बसे. तेराव्या वर्षाच्या आसपास साडेतीन पौंडांची एक साधी गिटार घरात आली.

शाळेच्या बसमध्ये त्यांची पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली. पॉल यांनी त्यांना जॉन लेनन यांच्याकडे नेले. लेनन यांना हा मुलगा फारच लहान वाटला, पण त्याची बोटे चालत होती. १९५८मध्ये त्याला घेतले. शाळा सुटली. एका मोठ्या दुकानात शिकाऊ इलेक्ट्रिशियन म्हणून काही दिवस काढले आणि १९६०मध्ये सगळे जण जर्मनीत हॅम्बुर्गला वाजवायला गेले. जॉर्ज तेव्हा १७ वर्षांचे होते. रात्री उशिरापर्यंत क्लबमध्ये काम करायला वय कमी म्हणून पोलिसांनी त्यांना परत पाठवले.

१९६२च्या ऑक्टोबरमध्ये बीटल्सची पहिली तबकडी आली. फेब्रुवारी १९६४मध्ये अमेरिकेत टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोक तो बघत होते. गाणी मुख्यतः लेनन-मॅकार्टनी लिहीत. जॉर्ज यांच्या वाट्याला एका तबकडीवर एखाद-दुसरे गाणे येई. वृत्तपत्रांनी त्यांना ‘शांत बीटल’ असे नाव दिले. जवळच्यांच्या आठवणी वाचल्या तर ते शांत वगैरे अजिबात नव्हते. त्यांना एवढ्या गोंगाटात बोलायला कोणी जागाच ठेवली नव्हती, इतकेच.

गिटार सोडून सतारीकडे का वळले?

योगायोगाने. १९६५मध्ये ‘हेल्प!’ चित्रपटाच्या चित्रीकरणात एका उपाहारगृहाच्या दृश्यासाठी भारतीय वादक बोलावले होते. मधल्या वेळेत जॉर्ज यांनी तिथली सतार हातात घेतली. मग लंडनमधील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या भारतीय वस्तूंच्या दुकानातून स्वतःसाठी एक विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘नॉर्वेजियन वूड’ या गाण्यात ती वाजवली. वाजवली म्हणजे गिटारसारखी छेडली. पण पाश्चात्त्य तरुणांनी असा आवाज ऐकलाच नव्हता आणि सतारीची लाट आली.

जून १९६६मध्ये लंडनमध्ये त्यांची पं. रविशंकर यांच्याशी भेट झाली. पंडितजी तेव्हा ४६ वर्षांचे, जॉर्ज २३ वर्षांचे. बीटल्सचे नाव पंडितजींनी ऐकले होते, संगीत फारसे ऐकले नव्हते. त्यांनी जॉर्ज यांना सरळ सांगितले की सतार ही वर्षानुवर्षांच्या रियाजाची गोष्ट आहे, शिकायची असेल तर शिकवतो.

सुरुवातीच्या एका शिकवणीचा प्रसंग जॉर्ज यांनी स्वतः अनेकदा सांगितला. फोन वाजला म्हणून ते उठले आणि सतारीवरून पाय टाकून पलीकडे गेले. पंडितजींनी त्यांच्या पायावर चापट मारली आणि वाद्याला मान द्यायचा असतो हे सुनावले. जगातील सर्वात प्रसिद्ध चौघांपैकी एकाच्या पायावर बसलेली ही चापट. आपल्याकडे पेटीला पाय लागला तर पोर आपसूक हात लावून नमस्कार करते, त्यामुळे आपल्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. त्यांच्यासाठी तो पहिला धडा होता.

मुंबईत काय घडले?

२९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सची शेवटची जाहीर तिकीट मैफल झाली. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत जॉर्ज पत्नी पॅटी बॉइड यांच्यासह मुंबईत उतरले. मिशी वाढवली होती, ताजमहाल हॉटेलात नाव वेगळे लिहिले होते. तरीही ओळखलेच. हॉटेलबाहेर गर्दी झाली, पत्रकार परिषद घ्यावी लागली. आपण इथे बीटल म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून आलो आहोत, असा त्यांच्या सांगण्याचा सूर होता. पुढे गुरू-शिष्य काश्मीरला हाउसबोटीवर गेले. पंडितजींचे शिष्य शंभू दास हेही जॉर्ज यांचा रियाज घेत. तासन्‌तास मांडी घालून बसल्याने पाय दुखत, म्हणून योग शिकवणारा माणूसही नेमला होता. एकूण मुक्काम सहा आठवड्यांच्या आसपास होता.

दुसरी खेप जानेवारी १९६८ची, आणि मराठी वाचकाने लक्षात ठेवावी ती हीच. ‘वंडरवॉल’ नावाच्या एका इंग्रजी चित्रपटाच्या संगीताचे काम जॉर्ज यांच्याकडे आले होते. त्यांनी अर्धे काम लंडनमध्ये केले आणि अर्ध्यासाठी फोर्टमधील फिरोजशहा मेहता रस्त्यावरचा एचएमव्हीचा स्टुडिओ गाठला. स्टुडिओ चांगल्या अवस्थेत नव्हता. दोन ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनी कोलकात्याहून मागवून दिले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. भिंतींतून रस्त्यावरचा आवाज आत झिरपे आणि तो तबकडीतही उतरला आहे.

वादकांची यादी बघा. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, तारशहनाईवर विनायक व्होरा. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर आणि बासरीवर एस. आर. केंकरे, ही दोन अस्सल कोकणी वळणाची आडनावे. यातील कित्येक जणांसाठी ते रोजचे काम होते. सकाळी एका चित्रपटाचे ध्वनिमुद्रण, दुपारी दुसऱ्याचे. समोर बसलेला तरुण कोण आहे याचे त्यांना फार अप्रूप नसावे. ‘वंडरवॉल म्युझिक’ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. बीटल्सपैकी एकाने स्वतंत्रपणे काढलेली ती पहिली तबकडी.

याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचा वाद्यमेळ फोर्टमध्ये मुद्रित झाला. गायन नंतर लंडनमध्ये चढवले. मार्च १९६८मध्ये ते बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ या तबकडीच्या मागच्या बाजूला आले. बीटल्सच्या छोट्या तबकडीवर जॉर्ज यांच्या गाण्याला जागा मिळाली ती प्रथमच, आणि त्या गाण्यात लंडनचे एकही वाद्य नाही. बीटल्सच्या इतिहासावर हजारो पाने लिहिली गेली. मुंबईच्या या वादकांना त्यात बहुतेक वेळा यादीतल्या एका ओळीवर भागवले आहे.

उलट दिशेनेही प्रवास चालूच होता. त्याच सुमारास एचएमव्हीने शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी काढली. त्यात काबरा गिटारवर राग वाजवतात. इंग्रज गिटारवादक सतार शिकत असताना जोधपूरचा माणूस गिटारला मींड शिकवत होता.

मग सतार का सोडली?

कारण त्यांनी प्रामाणिकपणे हिशेब केला. १९६८च्या उन्हाळ्यात पंडितजींवरच्या ‘राग’ या माहितीपटासाठी ते अमेरिकेत होते. तिथे पंडितजींनी त्यांना विचारले की तुमची मुळे कुठे आहेत? त्या प्रश्नाने जॉर्ज विचारात पडले. लहानपणापासून सतार घेऊन बसलेल्यांना गाठणे या जन्मी शक्य नाही, हे त्यांना कळून चुकले होते. आणि तीन वर्षे गिटारकडे जवळपास दुर्लक्ष झाले होते. त्यांनी पुन्हा गिटार हातात घेतली.

त्याचे फळ लवकर दिसले. १९६९च्या ‘अ‍ॅबी रोड’ या तबकडीवर ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ ही दोन गाणी त्यांची आहेत. त्याच वर्षी ३० जानेवारीला लंडनमधील कार्यालयाच्या गच्चीवर बीटल्सनी शेवटचे जाहीरपणे एकत्र वाजवले, तेव्हा त्यांच्या हातात फेंडर कंपनीने त्यांच्यासाठी बनवलेली रोझवूडची गिटार होती. रोझवूड म्हणजे शिसवाच्या कुळातले लाकूड. आपल्या जंगलात लाकूड ओळखणाऱ्याला तिचे वजन सांगायला नको.

१९६९च्या अखेरीस ते बोटावर नळी चढवून तारांवर सरकवत वाजवू लागले. याला स्लाइड म्हणतात. पश्चिमेकडील बहुतेक स्लाइडवादक अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातून येतात, त्यांचा बाज रांगडा असतो. हॅरिसन यांची स्लाइड वेगळी आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ती मधल्या श्रुतींना स्पर्श करत, न घसरता, नेमकी जाते. सतार सुटली पण मींड हातात राहिली, असे ते ऐकताना वाटते. १९७०च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या तीन तबकड्यांच्या संचात आणि त्यातील ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये ते स्पष्ट ऐकू येते. बीटल्स तोवर फुटले होते आणि ‘शांत’ बीटल सर्वात पुढे निघाला होता.

मैफल उभी कशी राहिली?

पं. रविशंकर यांच्या वडिलांचे मूळ पूर्व बंगालमधील. त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हेही तिथलेच. १९७१च्या मे-जूनमध्ये येणाऱ्या बातम्या त्यांच्यासाठी परक्या नव्हत्या. लॉस एंजेलिसमध्ये ‘राग’ माहितीपटाच्या संगीताचे काम चालू असताना त्यांनी जॉर्ज यांच्यापुढे मन मोकळे केले. एखादी मैफल करून २५ हजार डॉलर जमवावेत अशी त्यांची कल्पना होती.

जॉर्ज यांनी ती मोठी केली. पुढचे पाच-सहा आठवडे ते टेलिफोनवर होते. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन १ ऑगस्टला, रविवारी, मोकळे होते. तिकिटे इतकी झटपट संपली की त्याच दिवशी दुपारी आणि रात्री असे दोन खेळ ठरले. रिंगो स्टार आले. एरिक क्लॅप्टन व्यसनाने खंगलेल्या अवस्थेत कसेबसे पोहोचले. लिऑन रसेल, बिली प्रेस्टन आले. लेनन आणि मॅकार्टनी आले नाहीत. बॉब डिलन त्या काळात मंचावर क्वचितच दिसत. ते येतील की नाही हे शेवटपर्यंत नक्की नव्हते. जॉर्ज यांनी गाण्यांचा क्रम लिहिलेला कागद गिटारवर चिकटवला होता, त्यात डिलन यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होते. ऐन वेळी मागे वळून पाहिले तर डिलन गिटार घेऊन मंचावर येत होते.

सुरुवात मात्र भारतीय संगीताने झाली. सतारीवर पं. रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर मुंबईचे उस्ताद अल्लारखा, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्यांनी वाद्ये जुळवून घेतली आणि हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणीच इतकी आवडली असेल तर पुढचे वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असे पंडितजी हसून म्हणाले. झाडीपट्टीच्या नाटकाला बसणारा आपला प्रेक्षक तबलजीच्या हातोडीला टाळ्या देणार नाही. तो चहा प्यायला जाईल. पण न्यूयॉर्कचे ते श्रोते नंतर शांत बसले आणि ‘बांगला धुन’ त्यांनी मन लावून ऐकली, हेही खरे.

दोन्ही खेळ मिळून सुमारे ४० हजार लोक आले. शेवटचे गाणे जॉर्ज यांचे ‘बांगला देश’. ते चारच दिवस आधी तबकडीवर आले होते. आज त्या नावात आपल्याला काही वेगळे दिसत नाही. तेव्हा तो देश अस्तित्वातच नव्हता. अमेरिकेतील निक्सन सरकार पाकिस्तानच्या बाजूने होते. सरकारी भाषेत तो ‘पूर्व पाकिस्तान’ होता. अशा वेळी न्यूयॉर्कच्या मध्यभागी, फलकावर आणि गाण्यात ‘बांगला देश’ म्हणणे ही राजकीय कृती होती, मग गायक काहीही म्हणो. एका दिवसात जगाला हे नाव कळले, असे पंडितजी पुढे सांगत.

पैसे निर्वासितांपर्यंत पोहोचले का?

तिकिटांचे पोहोचले. सुमारे २ लाख ४३ हजार डॉलरचा धनादेश काही दिवसांत युनिसेफला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीला दिला गेला. पंडितजींच्या मूळ अपेक्षेच्या जवळपास दहापट. खरा पैसा यायचा होता तो तबकडी आणि चित्रपटातून. तिथे गाडी अडली.

पहिला अडथळा तबकडी कंपन्यांचा. प्रत्येक कलाकार वेगळ्या कंपनीशी करारबद्ध. कोण किती सोडणार यावर महिने गेले. अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीच्या प्रमुखपदी तोवर कोण आले होते? मुंबईच्या स्टुडिओसाठी यंत्र मिळवून देणारे तेच भास्कर मेनन. कंपनीचा खर्च निघाला पाहिजे, ही त्यांची भूमिका. जॉर्ज नोव्हेंबरमध्ये टीव्हीवरील एका लोकप्रिय मुलाखतीत गेले आणि मेनन यांचे नाव घेऊन त्यांच्यावर तोंडसुख घेतले. कंपनी नमली. ३७ लाख ५० हजार डॉलर आगाऊ द्यायचे ठरले आणि डिसेंबर १९७१मध्ये तीन तबकड्यांचा संच अमेरिकेत बाजारात आला. मेनन यांच्यावर थोडा अन्याय झाला असे म्हणता येईल. पण छावण्यांत मुले मरत असताना टक्केवारीची चर्चा ऐकून घेणारा माणूस शांत कसा राहील?

दुसरा अडथळा कराचा, आणि तो जास्त महाग पडला. मैफल घाईत उभी राहिली. तिचे उत्पन्न धर्मादाय संस्थेसाठी आहे, अशी कायदेशीर नोंद आधी झाली नव्हती. त्यामुळे अमेरिकेच्या कर खात्याच्या दृष्टीने तबकडीचे उत्पन्न हे कंपनीचे साधे उत्पन्न ठरले. चौकशी सुरू झाली आणि लाखो डॉलर जवळपास दहा वर्षे अडकून राहिले. ब्रिटनमध्येही विक्रीवरचा कर माफ झाला नाही. १९७३मध्ये हॅरिसन यांनी तिथल्या कर खात्याला १० लाख पौंडांचा धनादेश स्वतः दिला. १९६६मध्ये याच माणसाने ‘टॅक्समन’ नावाचे कर खात्याला चिमटे काढणारे गाणे लिहिले होते. तेव्हा प्रश्न स्वतःच्या कमाईचा होता.

अडकलेले ८८ लाख डॉलर अखेर सुटले आणि १९८५पर्यंत एकूण मदत सुमारे १ कोटी २० लाख डॉलरवर गेली, असे तेव्हाच्या अमेरिकी वृत्तपत्रांनी म्हटले. पण १९७१च्या पावसाळ्यात कॉलराने छावण्यांत थैमान घातले होते. त्या मुलांना १९८१-८२च्या पैशांचा उपयोग नव्हता. पैसा गेला तो नव्या बांगलादेशातील मुलांच्या कामी. ज्यांनी आपल्या जिल्ह्यात शासकीय पट्ट्यांसाठी तहसीलचे उंबरे झिजवले आहेत त्यांना हा खेळ नवा नाही. हेतू चांगला, रक्कम मंजूर, फक्त एक कागद वेळेवर नाही.

हॅरिसन यांनी तो कागद पुढच्या वेळी आधी केला. १९७३मध्ये त्यांनी स्वतःची धर्मादाय संस्था नोंदवली आणि आपल्या काही गाण्यांचे हक्क तिच्या नावे केले. १९८५च्या ‘लाइव्ह एड’सारख्या नंतरच्या मोठ्या मैफलींनी आधी न्यास, मग तिकीट, असा क्रम ठेवला.

पुढे काय झाले?

मैफलीच्या तबकडीला १९७३मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. त्यानंतरची वर्षे चढ-उताराची. १९७४मध्ये पं. रविशंकर आणि भारतीय वादकांना घेऊन त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. आवाज बसलेला, लोकांना बीटल्सची गाणी हवी होती, दौऱ्यावर सडकून टीका झाली. ‘माय स्वीट लॉर्ड’ची चाल एका जुन्या अमेरिकी गाण्यावरून नकळत उचलली, असा निकाल १९७६मध्ये न्यायालयाने दिला. चित्रपटनिर्मितीत ते अपघातानेच आले. मित्रांच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या चित्रपटाचे पैसे ऐन वेळी आटले तेव्हा त्यांनी राहते घर गहाण ठेवून तो पुरा केला. १९८७च्या ‘क्लाउड नाइन’ने त्यांना पुन्हा शिखरावर नेले.

एरवी ते बागेत असत. लंडनजवळच्या आपल्या जुन्या, मोडकळीस आलेल्या वाड्याभोवतीची बाग त्यांनी स्वतः राबून उभी केली. १९८०मध्ये आलेले आत्मचरित्र त्यांनी जगभरच्या माळ्यांना अर्पण केले आहे. डिसेंबर १९९९मध्ये याच घरात शिरलेल्या एका मनोरुग्णाने त्यांना भोसकले. त्यातून ते वाचले, पण कर्करोगाने २९ नोव्हेंबर २००१ रोजी वयाच्या ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पं. रविशंकर यांच्याशी असलेले नाते शेवटपर्यंत टिकले. १९९७मध्ये पंडितजींच्या ‘चँट्स ऑफ इंडिया’ या संस्कृत मंत्रांच्या अल्बमची निर्मिती जॉर्ज यांनीच केली होती. बरोबर वर्षाने लंडनमध्ये झालेल्या स्मृती मैफलीची सुरुवात पंडितजींच्या रचनेने झाली आणि तिचे संचालन अनुष्का शंकर यांनी केले.

आज मोबाइलवर काय ऐकता येईल?

‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’चे ध्वनिमुद्रण गाण्यांच्या बहुतेक अ‍ॅपवर आहे. घाई असली तरी सुरुवातीचा भाग गाळू नका. जुळवणीला पडलेल्या टाळ्या आणि नंतरची सुमारे १७ मिनिटांची ‘बांगला धुन’ तिथेच आहे. दुसरे ऐकायचे ते ‘वंडरवॉल म्युझिक’, शक्यतो इअरफोन लावून. केंकरे यांची बासरी आणि नारिंग्रेकर यांची सूरबहार त्यात आहेत, आणि नीट कान दिला तर मागे १९६८च्या फोर्टमधील रहदारीही.

त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाची कमाई आता हॅरिसन यांच्या नावे असलेल्या युनिसेफच्या निधीत जाते. या वेळी कागद पुरे आहेत.